नीलव्वाचा डाळीशी अबोला

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल तर माफ करा आणि पुढं वाचा. माझ्या मुलीच्या, पूजाच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती. ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. वही डाळीच्या डब्यात ठेवते. तिथं कुणी हात घालत नाही, कारण डबा रिकामा आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

लिहायचं आहे ते शेजारच्या नीलव्वाबद्दल. नीलव्वा तूरडाळीशी बोलत नाही.

हे खरं आहे. त्यांचं बोलणं बंद झालं तेव्हा मी तिथंच उभी होते. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर सिद्रामअण्णांचं किराणा दुकान आहे. नीलव्वानं डाळीचा भाव विचारला, अण्णांनी सांगितला. तिनं परत विचारला, अण्णांनी परत तोच सांगितला. मग ती अण्णांना सोडून पोत्याकडं वळली. कमरेवर हात ठेवून पोत्याला म्हणाली, "लई मोठी झालीस गं. माझ्या चुलीवर शिजलीस, आन आता मलाच वळख दाखवत न्हाईस. आजपासून तुझं माझं बोलणं बंद. ब्याड मला तू."

ब्याड म्हणजे नको. नीलव्वाचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं आहे. मराठी चांगलं बोलते, पण राग आला की कानडी आधी बाहेर येते.

दुकानात पाच-सहा बाया होत्या, सगळ्या हसल्या. नीलव्वा हसली नाही. तिनं अर्धा किलो मीठ घेतलं, मिठाला "चल बाई" म्हणाली आणि निघून गेली.

तेव्हापासून तिच्यासमोर तूरडाळीचं नाव घ्यायचं नाही असा नियम झाला. अगदीच गरज पडली तर "पिवळी" म्हणायचं. पुढं टोमॅटोशी वाजलं, त्याचं नाव "लालतोंड्या". साखर म्हणजे "गोड बोलणारी". तेलाशी मात्र तिला पूर्ण तोडता येत नव्हतं, कारण फोडणीला थेंबभर तरी लागतंच. म्हणून तेलाशी "नमस्कारापुरतं" ठेवलं होतं. चमचा बाटलीत बुडवायचा, बाहेर काढायचा आणि चमच्याला जेवढं चिकटून येईल तेवढंच घ्यायचं. "वाटंत भेटलं तर हात जोडायचे. घरात बसवून घ्यायचं न्हाय," असं ती म्हणायची.

नीलव्वा साठीच्या पुढची आहे. नवरा गिरणीत होता, तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली. एक मुलगी, ती लग्न होऊन इंडीकडं गेली, वर्षातून एकदा येते. नीलव्वा कडक भाकरी करून विकते. ज्वारीची पातळ भाकरी पापडासारखी वाळवून कडक करायची, म्हणजे महिनाभर टिकते. नवी पेठेतल्या एका दुकानात आणि दोन खानावळींत तिच्या भाकरी जातात. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, तीही वर पत्र्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळं तिकडं भाकरी थापलेली इकडं ऐकू येते. आमच्या घरात घड्याळ बंद पडलं तरी कळायचं नाही, आम्ही नीलव्वाच्या थापण्यावर उठायचो.

एकदा गल्लीत बारसं होतं. पंगतीत वाढणाऱ्या पोरीनं नीलव्वाच्या वाटीत आमटी वाढली. नीलव्वानं वाटी उचलून माझ्या पानात ओतली आणि रिकामी वाटी पालथी घातली.

मी हळूच म्हणलं, "अव्वा, इथं तर फुकट आहे."

"दुसऱ्याच्या घरात गाठ पडली म्हणून काय लगीच बोलायचं? तिला वाटंल, म्हातारी वाटच बघत होती."

आणि खरंच, सगळं जेवण तिनं कोरडं केलं. मी मात्र दोन वाट्या आमटी प्यायले. आमच्या घरी तेव्हा दीड महिना डाळ शिजलेली नव्हती.

भाव उतरला की ती समेट करायची. एका वर्षी कांद्यानं असा माज केला की तिनं त्याला तीन महिने घरात घेतलं नाही. मग कांदा एकदम पडला. बाजारात लोक ढिगाकडं बघेनात. नीलव्वाला वाईट वाटलं. "बिचारा रस्त्यावर आलाय," म्हणत दहा किलो घेऊन आली. घरी येऊन पहिला कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं, तर मला भिंतीवरून म्हणाली, "लई दिसांनी भेटला की गं, म्हणून रडू आलं."

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल बाई वेडी आहे. मलाही आधी तसंच वाटायचं. पण माझ्यावर पाळी आली तेव्हा तिच्या वेडाचा मला फार उपयोग झाला.

आमचे हे यंत्रमागावर आहेत. मी घरी टॉवेलच्या कडा शिवते, डझनावर मजुरी मिळते. त्या हिवाळ्यात माल उठेना म्हणून माग आठवड्यातनं तीन दिवसच चालायला लागले. निम्मा पगार आला, पण तेलवाल्यानं निम्म्या पैशात पिशवी दिली नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. बाकी डाळ, तेल, चटणी, चहा, साबण सगळं विकतच. मी आधी शेंगाची चटणी बंद केली. मग चहात दूध बंद केलं. मग पूजाचा चहा, मग माझा. किलोचं अर्धा किलो केलं, अर्ध्याचं पाव. पावाच्या खाली मागायला मला तोंड होत नव्हतं.

मी मुळातच बुजरी आहे. दुकानात बाया जाईपर्यंत मी बाजूला उभी राहायची. सगळ्या गेल्या की पुढं होऊन हळू आवाजात सांगायची, तोवर नवीन बाया यायच्या. अण्णांना ऐकू जायचं नाही, मग ते मोठ्यांदा विचारायचे, "किती? छटाक? छटाकभर डाळ म्हणताय व्हय वहिनी?" मी नको म्हणून परत यायची.

घरी पूजा ताटाकडं बघून रोज विचारायची, "आज पण डाळ नाही?" मी भात पुढं सारायची. एका संध्याकाळी नीलव्वा दारात उभी होती, तिनं ते ऐकलं.

"काय गं पूजा, तुमचंबी पिवळीशी बंद झालं व्हय? बेस केलंत. लई माजलीय ती. तिला येऊ दे पाया पडत."

पूजानं माझ्याकडं बघितलं. "आई, आपलं भांडण झालंय?"

"हो," मी म्हणलं. "झालंय."

पोरगी जेवली. दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींना सांगून आली की आमच्या घरी डाळीशी बोलत नाहीत. फार ऐटीत सांगितलं म्हणे. मी शिलाई मशीनवर बसून हसले. घरात काही नसणं वेगळं आणि आपणच दार लावून घेतलेलं असणं वेगळं. पोरीला दुसरं सांगता आलं, हे नीलव्वामुळं.

पण अबोल्यानं पोट भरत नाही. अण्णांकडची उधारी वाढत गेली. ते वाईट नाहीत, त्यांनाही वरच्याला द्यायचे असतात. आधी म्हणाले, "वहिनी, मागचं बघा की जरा." मग चार माणसांत म्हणाले. मग एक दिवस वही काढून आकडा दाखवला, अकरा हजार, आणि म्हणाले, "आता हे आल्याशिवाय पुढचं जमणार न्हाय." मी मान हलवली. त्या दिवसापासून दुकान टाळायला मारुतीच्या देवळामागनं जायला लागले.

तिसऱ्या दिवशी नीलव्वा आली ती हातात डबा घेऊन. बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. उघडून माझ्या मशीनवर ठेवला.

"हे घे. सिद्रामाचं तोंड बंद कर जा."

"अव्वा, हे कसले पैसे?"

"ज्वारीचे."

मी डबा तिच्याकडं परत सारला. नीलव्वा दर वर्षी सुगीत, ज्वारी नवीन आणि स्वस्त असते तेव्हा, एकदम सहा पोती भरून ठेवते. त्यावर तिचा पावसाळा निघतो. वर्षभर ती पै पै टाकते ती त्याच डब्यात. ज्वारी स्वस्तात मिळाली तरच भाकरीत दोन पैसे सुटतात, कारण खानावळवाले भाकरीचा दर वाढवून देत नाहीत.

"नको अव्वा."

"ब्याड म्हणायचं काम माझं हाय, तुझं न्हाय. पाडव्याच्या आत दे म्हंजे झालं. ज्वारी यायच्या आत."

मी हो म्हणलं. अण्णांचे पैसे फेडले. त्यांनी वहीतलं पान माझ्यासमोर फाडलं आणि परत किलोभर डाळ उधार देऊ का विचारलं. मी म्हणलं, "आमचं तिच्याशी बंद आहे." दुकानात मी मोठ्यांदा बोलले असेन तर तेवढंच.

पाडवा आला आणि गेला. माग तीन दिवसांचे चार दिवस झाले, पण तेवढ्यात गॅस वाढला, तेल वाढलं, पूजाला ताप आला. माझ्याजवळ सातशे रुपये जमले होते. अकरा हजार देणं असताना सातशे घेऊन जायचं कसं, म्हणून गेले नाही. तेही पुढं खर्च झाले.

मोहोळ, मंगळवेढ्याकडची ज्वारी आली. गल्लीत पोती उतरली. नीलव्वाच्या घरात कोपऱ्यात लाकडी फळी आहे, पोती ठेवायची. मी भिंतीवरून बघितलं, फळी मोकळी होती. तिनं ती पुसून ठेवली होती.

पैशाचं तिनं नाव काढलं नाही. पाच-पाच किलो ज्वारी दुकानातनं आणायला लागली. आणि एकेकाशी भांडत सुटली. चहाशी बोलणं बंद झालं, म्हणे लई कडू बोलतो. गुळाशी बंद, शेंगदाण्याशी बंद. भाजीशी तर बाजारातच न जाऊन बंद. गल्लीतल्या बाया हसायच्या, "नीलव्वाचं आता कुणाशी तरी पटतंय का." मला हसू येईना. कोणतं भांडण तिचं आणि कोणतं माझ्यामुळं, हे मला कळत होतं. शेंगदाण्याशी भांडायचं तिला काहीच कारण नव्हतं.

ज्येष्ठ-आषाढात ज्वारी चढली. आमच्याकडं गरिबाघरी भाकरी आणि सणाला चपाती असं होतं. आता ज्वारी गव्हाच्या वर गेली. मी मशीनच्या दोऱ्यासाठी अण्णांच्या दुकानात गेले होते, तेव्हा नीलव्वा ज्वारीच्या पोत्यासमोर उभी होती. भाव ऐकला होता. बाया एकमेकींना कोपरानं खुणावत होत्या, आता म्हातारी ज्वारीला काय बोलते बघा. तिनं पिशवी खाली ठेवली. पोत्यात हात घातला, मूठभर दाणे वर घेतले, परत सोडले.

अण्णा म्हणाले, "काय नीलव्वा, हिच्याशी न्हाय भांडत?"

"हिच्याशी भांडून जाऊ कुटं?" ती म्हणाली. आणि दोन किलो घेतली. पाच नाही, दोन.

मी दोरा न घेताच मागं फिरले. तिनं मला बघितलं का नाही, माहीत नाही.

त्यानंतर मला तिच्यासमोर उभं राहवेना. ती बाहेर असली की मी दार लोटून घ्यायची. ती आत गेली की कपडे वाळत घालायची. भिंतीपलीकडनं "सुमन" म्हणून हाक आली तर मशीन जोरात चालवायची, ऐकू आलं नाही असं वाटावं म्हणून. पूजाला सांगितलं, अव्वाकडं जास्त जाऊ नको, त्यांना काम असतं. दीड-दोन महिने असं चाललं. सकाळी भाकरीचं थापणं ऐकू यायचं, पण लवकर थांबायचं. दोन किलोच्या भाकरी त्या किती होणार.

थापणं थांबलं की दुसरं ऐकू यायचं, जे आधी मला कधी ऐकू आलं नव्हतं. नीलव्वा बोलत असायची. "कशी हाईस? जागा पुरती का डब्यात? लई गरम होतंय न्हवं." मला आधी वाटलं मुलगी आली असेल. पत्र्याखालच्या फटीतनं बघितलं. ती ज्वारीच्या डब्यात हात घालून बसली होती.

श्रावणातल्या एका दुपारी ती आली. मी दार लोटायच्या आत उंबऱ्यावर बसली. उंबऱ्यावर माणूस बसल्यावर दार लावता येत नाही, हे तिला माहीत होतं. हातात काही नव्हतं. थोडा वेळ पदरानं वारा घेतला आणि म्हणाली, "सुमन, मी महाग झाले व्हय गं तुला?"

मला कळलं नाही.

"न्हाय, बोलणं बंद केलंस म्हणून इचारलं. मी महाग झालेल्यांशीच बंद करते. माझ्यात काय वाढलं म्हणलं बघावं."

मी मशीनवर डोकं ठेवून रडले. तसंच रडत सांगितलं, अव्वा, तुमचे पैसे जमत नाहीत, तुमची फळी मोकळी राहिली ती माझ्यामुळं, तुमचा चहा माझ्यामुळं तुटला, मी कुठल्या तोंडानं बोलू. सगळं एका दमात सांगितलं. एवढं मी जन्मात कधी कुणाशी बोलले नव्हते.

नीलव्वानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पैशाचं मी इचारलं का?"

"नाही."

"मग? हे बघ पोरी. पिवळीशी मी बोलत न्हाय, ते पिवळीला कुटं ठावं हाय? तिचं काय जातंय. मलाबी ठावं हाय की ती डाळ हाय. घरात बोलायला कुणी न्हाय, म्हणून मी तिच्याशी भांडते. भांडायला तरी कुणी पाहिजे का न्हाय? पण माणसाशी अबोला मला परवडत न्हाय. माझ्याकडं हाईत किती माणसं?"

आणि उठता उठता म्हणाली, "थोडं थोडं दे. दर बेस्तरवारी तुला मजुरी मिळती, त्याच दिशी येत जा. आन दारातनं टाकून पळायचं न्हाय. बसायचं."

तेव्हापासून मी दर गुरुवारी जायला लागले. कधी चारशे, कधी दोनशे, एकदा फक्त साठ. दिवाळीला ह्यांना बोनस मिळाला, त्यातले तीन हजार एकदम दिले. ती दर वेळी बोटाला थुंकी लावून मोजायची, डब्यात टाकायची, आणि मग मला कडक भाकरीचा तुकडा द्यायची. सोबत चटणी, तीही जवसाची, कारण शेंगदाण्याशी अजून बंद होतं. मग आठवड्याची बातमी. कोण चढलं, कोण उतरलं, कुणी तोंड दाखवलं, कुणाला तिनं ओळख दिली नाही. मी ऐकत बसायची. मला बोलता येत नाही पण ऐकता येतं. कधी तास व्हायचा, कधी दोन.

दिवस सुधारले असं मी म्हणणार नाही. माग अजून चार दिवसच चालतात. पिवळी अजून घरात आलेली नाही. पूजा आता मोठी झाली, भांडणाचं तिला खरं वाटत नाही. ती विचारत नाही आणि मीही सांगत नाही. पण मी एकही गुरुवार चुकवला नाही. नवी ज्वारी यायच्या आत तिच्या फळीवर पोती यायला हवीत, एवढं एकच डोक्यात होतं.

या वर्षी थंडी संपता संपता शेवटचा हप्ता आला. दोनशे चाळीस रुपये. घरी तीन वेळा मोजले, ह्यांच्याकडनं एकदा मोजून घेतले. नीलव्वाकडं गेले आणि म्हणलं, "अव्वा, हे शेवटचे. आज सगळे फिटले."

मला वाटलं ती खुश होईल. ती म्हणाली, "संपले?" आणि नोटा हातात धरून बसली. फळीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. मग मोजायला लागली. हळूहळू मोजलं. परत मोजलं. बोटाला थुंकी लावायचंही विसरली.

"दहा कमी हाईत," म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती बसली होती त्या रिकाम्या, घडी घातलेल्या पोत्याच्या कडेतनं दहाच्या नोटेचं टोक बाहेर आलेलं होतं.

"असतील अव्वा," मी म्हणलं. "मोजताना चुकले असेन. उद्या आणून देते."

"उद्या नगं. उद्या मला काम हाय. बेस्तरवारी आण." मग भाकरीचा तुकडा माझ्यापुढं केला. "बस की. पिवळी दोन रुपयांनी उतरलीय म्हणं. मी अजून बघितलं न्हाय तिच्याकडं."

पुढच्या गुरुवारी दहा रुपये नेऊन दिले. तिनं मोजून घेतले. दहा रुपयांची एकच नोट, तीही मोजली. त्याच आठवड्यात तिची सहा पोती आली आणि फळी भरली. मी आणि ह्यांनी मिळून उतरवली.

अशी नीलव्वाची रक्कम फिटली, पुरती, वर दहा रुपये. हिशेबानं ते दहा रुपये आता माझं तिच्याकडं येणं आहे. ते मागायला म्हणून मी दर गुरुवारी जाते, आणि न मागता परत येते.